विहिणीच्या मळ्याकाठचा अर्जुन

विहिणीच्या घरी जास्त दिवस राहू नये, मान कमी होतो, असं माझी आई म्हणायची. मी यंदा मे महिन्यात चांगली आठवडाभर राहिले आणि त्यातला एक अख्खा दिवस परक्या गावच्या नदीकाठी माती उपसली. मान कमी झाला की वाढला, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

माझा सांगलीत चटणी-मसाल्याचा धंदा आहे. उन्हाळा लागला की आमचे मरमर मरायचे दिवस सुरू होतात. मिरच्यांची पोती, कांडप यंत्राची धडधड आणि नाकाला सदा पदर. हंगाम संपला की मी काही दिवस नुसती झोपून काढते. यंदा लेक फोनवर म्हणाली, "झोपायचंच आहे ना, मग आमच्या सासूबाईंकडे जाऊन झोप. आंबे तरी खाशील." लेक आणि जावई मुंबईला असतात. जावयाचे आईवडील, म्हणजे माझ्या विहीणबाई सुनंदाताई आणि व्याही तात्या, सावर्ड्यापासून आत एका गावात राहतात. लग्नानंतर मी तिकडे एकदाच गेले होते, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. म्हणून यंदा कांदा-लसूण चटणीचा डबा आणि भडंगाची पिशवी घेऊन मी कुंभार्ली घाट उतरले. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. नदी वाशिष्ठीला जाऊन मिळते, एवढं पुरे.

फणस आणि माझे केस

कोकणातल्या पाहुणचाराबद्दल आमच्या देशावर लोक उगाच काहीबाही बोलतात. बोलणाऱ्यांना सुनंदाताईंच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं पाहिजे. सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस, दुपारी कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. आमची ज्वारीची भाकरी खाताना दातांना जरा काम असतं. यांची भाकरी इतकी मऊ की कधी संपली ते कळतच नाही, आणि ताटात दुसरी येऊन पडते.

मी माझी चटणी पुढे केली. तात्यांनी बोटावर घेऊन चाखली आणि डोळे पुसत म्हणाले, "विहीनबाय, ह्या चटनीवर तुमच्याकडची पोरा मोठी व्हतात? मंग बरोबर. आमची सून अशी का, त्या आज कळला."

"सुनेला नावं ठेवायची तर माझ्या पाठीमागे ठेवा," मी म्हटलं, "समोर ठेवलीत तर डबा परत नेईन." तात्या पोट धरून हसले. उंच, वाळकुडा माणूस, आवाज मात्र पखवाजासारखा. लग्नात पाहिलेला व्याही आणि हा माणूस एकच आहे यावर माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी मी फणस फोडायला बसले. "ताई, आधी हाताला खोबरेल लावा," असं सुनंदाताई दोनदा म्हणाल्या. पण जन्मभर मिरच्या हाताळलेल्या बाईला फणस काय करणार, असा माझा तोरा. चीक हाताला लागला, तो पुसायला मी हात केसांकडे नेला, आणि पुढची हकिगत सांगण्यासारखी नाही. शेवटी सुनंदाताईंनी कानामागची एक बट कात्रीनं कापली. "आता मुंबईला फोटो धाडू काय सुनेला?" असं म्हणून त्यांनी हसू दाबलं, आणि त्या हसण्याबरोबर आमच्यातलं विहीणपण निम्मं गळून पडलं. मला थोरली बहीण नाही. असती तर तिनं अशीच कात्री चालवली असती, असं वाटून मला उगाच भरून आलं.

एक चुकलेला शब्द

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच फिरायला निघाले. घरामागून पायवाट कातळावरून जाते आणि मग एकदम उतरून नदीला लागते. वर उन्हानं करपलेला लाल-काळा दगड, आणि खाली उतरलं की गार सावली. नदीच्या वळणावर सुनंदाताईंचा मळा आहे. भाताचं खाचर, एका कडेला लाल माठ आणि चवळीचे वाफे. मळा आणि नदी यांच्या मध्ये जुन्या झाडांची रांग. करंजाला पोपटी पालवी, एक तामण जांभळ्या फुलांनी लगडलेली, आणि ऐन वळणावर एक अर्जुन. त्याचा बुंधा तिघी बायकांनी हात धरले तरी कवेत आला नसता. त्याच्या बुंध्याशी मात्र मातीचा मोठा ढीग, कमरेच्या वर चढलेला.

आम्ही कृष्णाकाठची माणसं. पूर ओसरला की काठच्या मळीत गाळ राहतो आणि त्या गाळात जी वांगी येतात, त्यांची चव दुसरीकडे कुठे मिळत नाही. गाळ म्हणजे नदीचं देणं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. त्यामुळे मला तो ढीग पाहून कौतुकच वाटलं. दुपारी जेवताना मी म्हटलं, "तात्या, नदीकाठच्या अर्जुनाला भर कुणी हो घातली? मोठा जाणता माणूस असणार."

सुनंदाताईंचा हात वाढता वाढता थांबला. तात्यांनी ताटाला नमस्कार केला, अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले आणि हात धुऊन बाहेर गेले.

काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळेना. सुनंदाताईंनी भांडी आवरली आणि म्हणाल्या, "चला ताई, मळ्यात जाऊन येव."

मळ्याच्या बांधावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या पुरानंतर नदीतला गाळ काढायला यंत्रं आली होती. काढलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न होता. तात्या पुढे झाले. कोकणात माडाच्या बुंध्याशी दरवर्षी मातीची भर घालतात, ती घातली की माड जोर धरतो. तात्यांचा तर माडांवर जीव. त्यांनी विचार केला, ही झाडं इतकी वर्षं आपला मळा राखत आलीत, त्यांना कधी कुणी ओंजळभर माती घातली नाही. यंत्रवाल्याच्या बरोबरीनं चालत त्यांनी एकेका झाडाला गाळ घालून घेतला.

"गावानं वाहवा क्येली," सुनंदाताई म्हणाल्या. "आनि मंग पुढल्या वरसाला करंज वाळाया लागला. येक वाळला, मंग दुसरा. गेल्या पावसात तिकडचा अर्जुन पडला, तो मुळासकट पडला. त्याच्याबरोबर मळ्याचा ह्यो येवढा तुकडा ग्येला." त्यांनी हातानं दाखवलं. वळणाच्या खालच्या अंगाला काठ चावल्यासारखा दिसत होता. तिथे आत्ता नुसती हवा होती.

मग चिपळूणच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई झाडं पाहायला आल्या. त्यांनी गावाला सांगितलं, की बुंधा जिथे मुळांना मिळतो तिथे झाडाला हवा लागते. पूर एका रात्रीचा पाहुणा, तेवढा वेळ नदीकाठची झाडं दम धरतात. पण हा गाळ बसला तो उठलाच नाही. तात्या त्या बाईंशी भांडले. झाडाला माती दिली म्हणून झाड मेलं असं कधी कुणी ऐकलंय का, म्हणून तावातावानं बोलले. घरी आले आणि त्या दिवसापासून नदीवर उतरले नाहीत. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणतात.

"दुकता का खराच?" मी विचारलं. हा सहवासाचा परिणाम, माझीही भाषा घसरायला लागली होती.

"माडावर चढतात की," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. पण त्यांचे डोळे अर्जुनाकडेच होते. त्याला नवी पालवी फुटली होती ती फक्त एका अंगाला. नदीकडच्या फांद्या नुसत्याच होत्या. वळणावर पाण्याचा सगळा जोर याच झाडावर येतो. तो पडला तर मळा राहत नाही, आणि बाकीची जमीन वरची, कातळाची. वर्षाचं भात येतं ते एवढ्या तुकड्यातून. गावकीनं ठरवलं होतं, पावसाआधी सगळ्या झाडांचे बुंधे मोकळे करायचे. बाकीचे झाले होते. अर्जुन रविवारवर ठेवला होता.

गावकीचा दिवस

गावकी हा प्रकार मला नवा. आमच्या गल्लीत नालीचं झाकण बसवायचं म्हटलं तरी नगरसेवकाच्या दारात चकरा होतात. इथे देवळापुढच्या सहाणेवर, जिथे पालखी टेकतात तिथे, गाव बसतं आणि ठरवतं. ठरलं, की घरटी एक माणूस हजर. घर कुणाचं आणि मळा कुणाचा, असा प्रश्न येत नाही.

तात्यांच्या घरून सुनंदाताई जाणार होत्या. रविवारी पहाटे गोठ्यातल्या पाडीनं, म्हणजे कालवडीनं, त्यांच्या पायावर पाय दिला आणि घोटा पावासारखा फुगला. त्या तशाच लंगडत निघाल्या तेव्हा मी पदर खोचला.

"तुम्ही बसा. मी जाते."

"अरे देवा!" तात्या ओटीवरून ओरडले. "विहीन गावकीला? लोका शेन घालतील माज्या तोंडात!"

"मग तुम्ही चला," मी म्हटलं.

त्यांनी गुडघा चोळायला घेतला. मी घमेलं उचललं आणि निघाले. मागून सुनंदाताई म्हणत होत्या, "जाऊ द्या त्यांना, पोती उचलतात त्या." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत चांगलं प्रशस्तिपत्र असावं.

नदीवर बायकाच जास्त होत्या, कारण निम्म्या घरचे पुरुष मुंबईला. गावकीचे म्होरके, गावकर आण्णा म्हणून सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "कोनाच्या घरातून?" मी तात्यांचं नाव सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवून मला रांगेत जागा दिली. हे मला फार आवडलं.

कामाआधी गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे नारळ फोडतात, हात जोडतात आणि ज्याचं त्यानं मनात मागायचं. इथे गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा असतो. आण्णांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बा म्हाराजा, नदीकाठच्या राखनदारा, आज तुजी लेकरा हितं जमलीत, त्यांच्या हाताला यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुळाला धक्का नको, मानसाला इजा नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुसऱ्या वेळी माझाही आवाज लागला. तिसऱ्या वेळी तो सगळ्यांच्या वर होता. शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली, पण मला थांबवलं नाही.

मग कामाला लागलो. वरचा ढीग फावड्यानं. झाडाजवळ आलं की फावडं बंद, कारण एक घाव चुकीचा बसला तर मूळ तुटायचं. तिथे नुसते हात आणि नारळाच्या करवंट्या. बायका रांगेनं बसून करवंटीनं माती काढत होत्या, घमेली हातोहात वर जात होती, आणि वर उभ्या असलेल्या टेम्पोतून तो गाळ ज्याच्या त्याच्या माडांना निघाला होता. गप्पा तर थांबायचं नाव नाही. कुणाच्या सुनेला काय डोहाळे लागलेत इथपासून सांगलीत हळद किती पिवळी असते इथपर्यंत. मध्येच गाळातून एक खेकडा निघाला आणि त्यानं नेमकी माझीच करंगळी धरली. मी जी किंचाळले, ती वरच्या वाडीपर्यंत गेली म्हणतात. "सांगलीची चव बगतोय!" कुणीतरी म्हणालं आणि रांगच्या रांग हसत सुटली.

उन्हं चढली तसा बुंधा दिसायला लागला. नदीकडची साल काळी पडली होती, हात लावला की लगदा निघत होता, आणि वास असा की पदर नाकाला लावावा. हसणं आपोआप बंद झालं. गाळात झाडानं नवी बारीक मुळं फेकली होती, केसांसारखी. हवेसाठी त्यानं किती धडपड केली असेल, असं मनात आलं आणि मला पुढे बघवेना. मळ्याकडच्या अंगाला आण्णांनी नखानं साल खरवडली. आत ओली, तांबूस होती. त्यांनी पुन्हा दुसरीकडे खरवडलं, तिथेही ओली. "ह्यो अंग जिता हाय," ते म्हणाले.

मी वर पाहिलं तर बांधावर तात्या उभे होते. कधी आले होते कोण जाणे. ते खाली उतरले, सडलेल्या सालीला हात लावून बघितला आणि माझ्या शेजारी बसून एक करवंटी उचलली. दुपार टळेपर्यंत ते माती काढत होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही, पण पाण्याचा तांब्या फिरत आला की आधी त्यांच्यापुढे जात होता.

बुंधा मोकळा झाला. सगळे उभे राहिले, आण्णांनी काम संपल्याचं, उठवणीचं गाऱ्हाणं घालायला हात जोडले, तेव्हा तात्या म्हणाले, "आण्णा, आज मी घालतो."

आण्णा बाजूला झाले.

"बा म्हाराजा," तात्यांचा तो मोठा आवाज, "आज गावानं तुजा गळा मोकळा क्येला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाव तुजी आठवन ठेवील, तू गावाची ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि तुला ज्यानं पुरला, तुजी भावंडा ज्यानं मारली, तो मीच म्हाराजा!"

आणि कुणीही काही बोललं नाही. होकार देणार कोण? शेजारी, भाऊबंद, सगळे खाली बघत उभे. मी मात्र सकाळी लागलेल्या सवयीनं, अर्थाकडे लक्ष न देता, खणखणीत आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

एकटाच आवाज नदीपलीकडे जाऊन आला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. दोन दिवसांपूर्वी या माणसाला जेवणावरून उठवलं आणि आज भर गावकीत हे.

तात्या वळले. माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. रडत होतेच, पण हसतही होते. "येका तरी मानसानं व्हय म्हटला," ते म्हणाले. "हितं कोन बोलतच नवता मला. बायको नाय, गाव नाय. सगळी मेली गप. विहीनबाय, बरा क्येलात!"

आण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं पुरं केलं, "मायेनं क्येला, चुकला, पदरात घे म्हाराजा!" त्यावर जो होकार उठला त्यात मी नव्हते. मी खाली बसून घमेली गोळा करत होते.

सांगली

परत येताना पिशवीत आंबे, कोकमं, फणसाच्या आठळ्या, आणि हातांना फोड. दुकानात बसले तरी डोळ्यांपुढे तो अर्धा हिरवा अर्जुन. झाड जगेल का, असं निघताना विचारलं होतं. "यंदाचा पूर सांगंल," एवढंच आण्णा म्हणाले होते.

जुलैत कृष्णा चढायला लागली. आमची नदी दवंडी पिटून येते, घाटाची एकेक पायरी चढते, सामान हलवायला सवड देते. तिकडे सकाळी पाऊस लागला की दुपारी पाणी दारात. बातम्यांत चिपळूणकडचा पाऊस दाखवत होते आणि गावात फोन लागत नव्हता. लेकीला विचारायचा मला धीर होईना. पाडीनं पाय दिला नसता तर ते झाड मी पाहिलंही असतं आणि विसरलेही असते. आता ते माझं झालं होतं, आणि त्या पाडीचेही मी मनातून आभार मानत होते.

मग एका दुपारी तात्यांचाच फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"विहीनबाय, तुमच्या किष्णेचा पानी कुठवर?"

"उतरतंय. तुमच्याकडे?"

"चढला नि उतरला. मळ्यात कमरेयेवढा व्हता."

मी म्हटलं, "सुनंदाताईंना द्या फोन."

"ती हितं कुठं? ती लावनीला गेलीय."

"कुठे?"

"कुठं म्हंजी? मळ्यात."

मी खुर्चीवर बसले. फोनमध्ये पाण्याचा आवाज येत होता आणि तात्यांचं बोलणं तुटत होतं. "तात्या, भिजत असाल. घरात जाऊन बोला ना."

"घरात कशाला जाऊ? अर्जुनाखाली बसलोय. मळ्याच्या अंगाला बसला की थेंब लागत नाय."

पुड्या बांधणाऱ्या बाईकडे खुणेनं पाणी मागितलं आणि तात्यांना म्हटलं, "मग बसा तसेच. जरा वेळ बोलू आपण."